श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई : जीर्णोद्धारातून जगलेली कला

जिनप्रतिमा, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका अशी सात क्षेत्रे जैन परंपरेने दानासाठी सांगितली आहेत. या क्षेत्रांत पेरलेले द्रव्य वाया जात नाही, अशी श्रद्धा शतकानुशतके संघाने जपली. त्यातही नवे मंदिर उभारण्यापेक्षा जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार करणे हे अनेक पटींनी अधिक पुण्याचे मानले गेले. या वचनाचा पारमार्थिक अर्थ प्रत्येक श्रावकाला ठाऊक आहे. त्याला जोडून एक व्यावहारिक अर्थही आहे, आणि तो एका उद्योगपतीच्या जीवनकार्यातून विशेष स्पष्टपणे दिसतो. ते उद्योगपती म्हणजे अहमदाबादचे श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई.

कस्तुरभाईंची ओळख कापड गिरण्यांचे मालक, रासायनिक उद्योगाचे प्रवर्तक आणि शिक्षणसंस्थांचे आधारस्तंभ अशी सर्वत्र दिली जाते. परंतु राणकपूर, देलवाडा आणि शत्रुंजय या तीर्थांच्या जीर्णोद्धारात त्यांनी जे केले, त्यामुळे केवळ दगड सांधले गेले नाहीत. डोंगरातल्या खाणीपासून शिल्पीच्या अंगणापर्यंत पसरलेली ग्रामीण कारागिरीची एक साखळी, तुटण्याच्या बेतात असताना, पुन्हा जोडली गेली. कला ही गावाची भाकरी होऊ शकते, हे त्यांनी भाषणांतून मांडण्यापेक्षा कामातून दाखवून दिले.

कुळाचा वारसा

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील लालभाई दलपतभाई, मातोश्री मोहिनाबा. घराण्याचा मूळपुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते शांतिदास झवेरी सतराव्या शतकातील ख्यातनाम जवाहीर होते. मुघल दरबारात त्यांना मान होता आणि शत्रुंजय तीर्थाच्या रक्षणासाठी त्यांनी बादशाही फर्माने मिळवली होती. अहमदाबादजवळ सरसपूर येथे त्यांनी चिंतामणी पार्श्वनाथाचे भव्य मंदिरही बांधले होते. तीर्थरक्षण हे या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेले कर्तव्य होते.

लालभाई हे स्वतः शेठ आणंदजी कल्याणजी पेढीच्या कारभारातील अग्रणी होते. श्वेतांबर मूर्तिपूजक संघाची अनेक प्राचीन तीर्थे या पेढीच्या व्यवस्थेखाली आहेत. १९१२ मध्ये लालभाईंचे अकाली निधन झाले. कस्तुरभाई तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते आणि गुजरात कॉलेजात शिकत होते. शिक्षण अर्धवट सोडून त्यांना रायपूर मिलच्या कामात उतरावे लागले.

गिरणीत त्यांनी उमेदवारासारखे काम केले. कापसाची खरेदी हा गिरणीच्या नफ्यातोट्याचा कणा आहे हे ओळखून त्यांनी कापसाची पारख शिकून घेतली. कच्चा माल हाताळून पाहिल्याशिवाय त्याचा निवाडा करायचा नाही, ही सवय त्यांना तेव्हा लागली. पुढे दगडाच्या बाबतीतही तीच सवय कामी आली. १९३१ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन काळात, त्यांनी आणि त्यांच्या बंधूंनी अरविंद मिलची स्थापना केली. परदेशातून येणाऱ्या तलम कापडाला देशी पर्याय द्यावा, हा त्यामागील विचार होता. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, वलसाडजवळ पार नदीच्या काठी अतुल हा रंग व रसायनांचा उद्योग सुरू करण्याचा त्यांनी संकल्प केला. बहुतांश आदिवासी वस्तीच्या त्या ग्रामीण भागात १९५२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

सुना राहिलेला डोंगर

तीर्थ आणि गाव यांचे आर्थिक नाते किती घट्ट असते, याचा अनुभव कस्तुरभाईंना सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच आला. शत्रुंजयाच्या पायथ्याशी वसलेले पालिताणा हे तेव्हा एक छोटे संस्थान होते. यात्रेकरूंच्या रक्षणाच्या मोबदल्यात, म्हणजे रखोप्यापोटी, पेढीने संस्थानाला दरवर्षी १५,००० रुपये द्यावेत असा करार १८८६ मध्ये झाला होता. त्याची चाळीस वर्षांची मुदत मार्च १९२६ अखेर संपली. संस्थानाची मागणी वाढली, तडजोड होईना. अखेर संघाने कठोर निर्णय घेतला. १ एप्रिल १९२६ पासून शत्रुंजयाची यात्राच बंद करण्यात आली.

देशभरातील श्रावकांनी हा निर्णय पाळला. ज्या डोंगरावर कार्तिकी पौर्णिमेला आणि चैत्री पौर्णिमेला माणसांचा पूर लोटत असे, तो डोंगर दोन वर्षांहून अधिक काळ सुना राहिला. श्रावकांच्या दृष्टीने ही मोठी तपश्चर्या होती. परंतु डोली उचलणारे, फुले विकणारे, धर्मशाळांत राबणारे, गाडीवान, छोटे दुकानदार या सर्वांचे पोट यात्रेवर अवलंबून होते. भांडण त्यांचे नव्हते, पण झळ त्यांच्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहणे शक्य नव्हते. १९२८ मध्ये सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला आणि दरवर्षी ६०,००० रुपये याप्रमाणे पस्तीस वर्षांचा करार झाला. या वाटाघाटींत पेढीच्या वतीने जे प्रमुख होते, त्यांत तरुण कस्तुरभाई होते.

या प्रसंगाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. संघटित समाजाची शक्ती ही पहिली. दुसरी अधिक मोलाची. तीर्थ हे केवळ मंदिराच्या कोटाच्या आत नसते. त्याच्याभोवती एक गाव जगत असते, आणि तीर्थाचा विश्वस्त हा नकळत त्या गावाच्या पोटापाण्याचाही विश्वस्त असतो.

राणकपूर : अरण्यातून पुन्हा तीर्थ

सुमारे अर्धशतक कस्तुरभाईंनी पेढीचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांच्या कारकिर्दीतील पहिले मोठे जीर्णोद्धार-कार्य राणकपूरचे होय. अरवलीच्या कुशीत, आजच्या राजस्थानातील पाली जिल्ह्यात, धरणा शाह यांनी आचार्य सोमसुंदरसूरी यांच्या प्रेरणेने हे चतुर्मुख आदिनाथ मंदिर उभारले. तेथील शिलालेख विक्रम संवत १४९६, म्हणजे इ.स. १४३९ चा आहे. मेवाडचा राणा कुंभा याच्या राज्यात हे काम झाले. १,४४४ स्तंभांच्या या मंदिराचा स्थपती देपा हा जवळच्याच मुंडारा गावचा रहिवासी होता. दगड सेवाडी आणि सोनाणा या आसपासच्या गावांतला. जगाने तोंडात बोट घालावे अशी ही वास्तू परिसरातील गावांच्या हातांनी आणि परिसरातील डोंगरांच्या दगडांनी घडली, ही गोष्ट विसरता कामा नये.

कालांतराने वस्ती उठली, रस्ते ओस पडले, भोवती रान माजले. मंदिरात वटवाघळांनी घर केले. तुळयांना तडे गेले, छतातून पाणी झिरपू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सादडीच्या संघाने हे तीर्थ पेढीच्या स्वाधीन केले. प्रत्यक्ष जीर्णोद्धार १९३० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाला आणि सुमारे अकरा वर्षे चालला.

कस्तुरभाईंनी हे काम ज्या रीतीने हाती घेतले, ती रीत आजही अनुकरणीय आहे. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे प्राध्यापक असलेले क्लॉड बॅटली यांचा सल्ला घेण्यात आला. त्याचबरोबर परंपरागत सोमपुरा शिल्पींनाही पाचारण करण्यात आले. त्या काळी शिकलेल्या माणसाला आधुनिक वास्तुविशारदाचा शब्द अंतिम वाटे, तर जुन्या वळणाच्या माणसाला परकीय सल्लागाराची छायाही नकोशी वाटे. कस्तुरभाईंनी दोघांनाही एकाच मंडपात उभे केले. वास्तुविशारदाने रोग ओळखावा आणि शिल्पीने उपचार करावा, अशी ही वाटणी होती. भग्न भाग मूळ नमुन्याबरहुकूम, तशाच दगडात, हातानेच घडवून बसवायचे, हे सूत्र ठरले.

एखादे काम अकरा वर्षे चालते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कामाच्या आरंभी बापाबरोबर आलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा काम संपेपर्यंत स्वतः कारागीर झालेला असतो. प्रथम साध्या पट्ट्या, मग वेलबुट्टी, मग स्तंभावरील नक्षी, आणि हात तयार झाल्यावर मूर्ती व आकृती, अशी ही विद्या पायरीपायरीने चढते. ती पुस्तकात पुरी उतरत नाही. हाताला काम नसेल तर एकाच पिढीत ती नाहीशी होते. संस्थानिकांचा आश्रय आटत चालला होता, शहरांत विटा, लोखंड आणि सिमेंटचे युग सुरू झाले होते. अशा वेळी राणकपूरच्या रानात वर्षानुवर्षे चाललेली छिन्नी ही त्या विद्येची चालती पाठशाळा ठरली.

आबूचा दगड

यापेक्षाही बिकट परीक्षा देलवाड्याची होती. आबूच्या पहाडावरील विमलवसही १०३१ मध्ये विमल शाह यांनी, तर लूणवसही तेराव्या शतकात वस्तुपाल-तेजपाल या मंत्री बंधूंनी उभारली. येथील संगमरवराचे काम मेणाहून मऊ भासते. छतातील झुंबरे, तोरणे, कमळे पाहून प्रकाशही त्यातून आरपार जाईल असे वाटते. अशा कामातील तुटलेला एखादा भाग पुन्हा घडवायचा, तर तसाच दगड हवा आणि तसाच हातही हवा.

१९५० च्या दशकाच्या आरंभी हे काम सुरू झाले तेव्हा दोन्ही गोष्टी आहेत की नाहीत, याचीच शंका होती. बाजारात सहज मिळणारा संगमरवर जुन्या दगडाशी पोत आणि रंग यांत जुळणारा नव्हता. मूळ दगड दांता परिसरातील आरासूरच्या डोंगरातून, अंबाजीच्या आसपासच्या खाणींतून आलेला होता. जवळच्या कुंभारिया येथील प्राचीन जिनमंदिरेही त्याच दगडाची. म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी जेथून शिळा निघाल्या, तेथेच पुन्हा जाणे प्राप्त होते. त्या खाणीकडे पुन्हा वळण्याचा निर्णय झाला. कामाची सूत्रे सोमपुरा स्थपती अमृतलाल मूळशंकर त्रिवेदी यांच्याकडे होती.

खर्चाचा आकडा मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. हातकामाचा वेग अंदाजपत्रकाला जुमानत नाही. व्यवहारात पै-पैचा हिशेब ठेवणारे म्हणून कस्तुरभाईंची ख्याती होती. गिरणीत कापसाच्या गासडीमागे एक आणा जास्त गेला तरी त्याचे कारण विचारणारा हा माणूस येथे मात्र मागे हटला नाही. काम उरकण्यासाठी साचा, सिमेंट वा रंग यांचा आडमार्ग स्वीकारण्यास त्यांनी मान्यता दिली नाही. काटकसर आणि उदारता हे परस्परविरोधी गुण नाहीत, हे त्यांच्या वर्तनातून दिसते. जेथे पैसा वाया जातो तेथे काटकसर, जेथे पैशाने विद्या वाचते तेथे उदारता, असा त्यांचा विवेक होता.

१९६० च्या दशकात हे काम पूर्ण झाले. आज देलवाड्यात उभा राहणाऱ्या यात्रेकरूला जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे सहजी ओळखता येत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराशी विसाव्या शतकातील कारागीर बरोबरी करू शकतो, हे यातून सिद्ध झाले. त्या कारागिराच्या आत्मविश्वासाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असेल?

शत्रुंजय : झाकलेले उघडे करणे

शत्रुंजयावरील दादांच्या मुख्य मंदिराचा प्रश्न निराळा होता. तेथे काही पडले नव्हते, उलट पुष्कळ चढवले गेले होते. भाविकांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या उत्साहाने मंदिराच्या भिंतींना लागून लहानमोठ्या देवळ्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांत प्रतिमा पधरवल्या गेल्या होत्या. चुन्याच्या थरांखाली बाराव्या शतकातील कोरीवकाम गडप झाले होते. ते पुन्हा उघडे करायचे तर पूजेतील प्रतिमा हलवणे भाग होते, आणि हा विषय अत्यंत नाजूक होता. दीर्घ विचारविनिमयानंतर हे काम झाले. हलवलेल्या प्रतिमांसाठी गडावर नवे स्थान उभारण्यात आले आणि १९७६ मध्ये त्यांची प्रतिष्ठा झाली. मुख्य मंदिराचे मूळ शिल्प पुन्हा लोकांच्या दृष्टीस पडले. हे कस्तुरभाईंच्या उत्तरायुष्यातील मोठे तीर्थकार्य ठरले.

श्रद्धेने केलेली प्रत्येक भर ही मंदिराची सेवाच असते असे नाही, हा धडा येथे मिळतो. कधी कधी काढून टाकणे हीच खरी सेवा असते.

देवद्रव्य ते मजुरी

या सर्व कार्यामागील अर्थव्यवहार समजून घेतला तर कस्तुरभाईंचे मोठेपण अधिक उमगते. देवाला अर्पण केलेले द्रव्य श्रावकाच्या स्वतःच्या उपयोगात येऊ शकत नाही, हा कडक नियम आहे. बाहेरच्या माणसाला त्यामुळे असे वाटते की हा पैसा समाजाच्या अर्थचक्रातून कायमचा बाहेर गेला. वस्तुस्थिती उलट आहे. देवद्रव्याचा शास्त्रसंमत विनियोग जीर्णोद्धारात होतो, आणि हाती होणाऱ्या जीर्णोद्धारात खर्चाचा फार मोठा वाटा मजुरीचा असतो. यंत्र विकत घेतले तर पैसा कारखान्याकडे जातो. हातकाम करवले तर तो माणसांच्या घरी जातो.

खाणीत सुरुंग व पहारीने शिळा सोडवणारा मजूर, ती डोंगर उतरवणारा गाडीवान, ओबडधोबड दगडाला चौकोनी रूप देणारा पाथरवट, नक्षी कोरणारा शिल्पी, घासून झिलई आणणारे हात, आणि रोज बोथट होणाऱ्या छिन्न्यांना भट्टीवर धार देणारा लोहार अशी ही साखळी असते. यांपैकी बहुतेक जण गावचे. त्यांच्यापैकी कित्येकांची शेती पावसावर अवलंबून. दुष्काळी वर्षात शेत रिकामे राहिले तरी छिन्नी चालू राहते. वस्तुपाल-तेजपालांच्या काळात हे असेच होते आणि कस्तुरभाईंच्या काळातही तसेच होते. जगडूशाहसारख्या दानवीराने धान्याची कोठारे खुली केल्याची कथा समाजात आदराने सांगितली जाते. हाताला काम देऊन मानाने भाकरी मिळवून देणारा दाता त्याच पंक्तीत बसतो.

शब्दांचा जीर्णोद्धार

दगडाप्रमाणेच अक्षरांचाही जीर्णोद्धार कस्तुरभाईंनी केला. मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांच्या प्रेरणेने अहमदाबाद येथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराची स्थापना झाली. महाराजांनी जमवलेला हजारो हस्तलिखितांचा संग्रह तेथे सुरक्षित झाला. पंडित दलसुखभाई मालवणिया यांच्यासारखे व्यासंगी विद्वान तेथील संचालक होते. या हस्तलिखितांतही कागद बनवणारे, शाई घोटणारे, लेखनिक आणि चित्रकार यांचे श्रम साठवलेले आहेत. ज्ञानभांडार म्हणजे केवळ ग्रंथांचा साठा नव्हे. ती अनेक हातांच्या कसबाची ठेव आहे.

एक प्रामाणिक प्रश्न

कस्तुरभाईंच्या जीवनाचा गौरव करताना एका प्रश्नाला बगल देणे योग्य ठरणार नाही. ते गिरणीमालक होते. गिरणीच्या कापडाने खेड्यातील चरखा आणि हातमाग मागे पडले, लाखो विणकरांची उपजीविका आक्रसली, हा इतिहास आहे. महात्मा गांधींनी ज्या अहमदाबादेत आश्रम स्थापला, तेच गिरण्यांचे शहर होते. गांधीजींविषयी नितांत आदर बाळगणारे कस्तुरभाई यंत्रांच्या बाबतीत त्यांच्या वाटेने गेले नाहीत. देशाला स्वस्त, टिकाऊ आणि स्वदेशी कापड मुबलक प्रमाणात हवे असेल तर गिरणीला पर्याय नाही, असे त्यांच्या उद्योगाचे गृहीतक होते.

म्हणजे एकाच माणसाने एका क्षेत्रात यंत्राची बाजू घेतली आणि दुसऱ्या क्षेत्रात हाताची. हा विरोध पूर्णपणे मिटवता येत नाही, मिटवूही नये. त्यातून एक विवेक मात्र हाती लागतो. अंग झाकण्याचे कापड मुबलक व्हावे यासाठी यंत्र चालेल. पण ज्या वस्तूचे मोलच तिच्या घडणीत आहे, तेथे हात बाजूला सारला तर वस्तूही जाते आणि माणूसही जातो. हातकामाला दयेचा आश्रय दिला तर ते फार काळ टिकत नाही. त्याला खरे, मोठे आणि अवघड काम द्यावे लागते. कस्तुरभाईंनी शिल्पींना अनुदान दिले नाही, आव्हान दिले.

कांडला आणि नीसडन

या कार्याचे फळ कोठवर पोहोचले याचा एक विलक्षण योग येथे नमूद करण्याजोगा आहे. फाळणीनंतर कराची बंदर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम किनाऱ्यावर नव्या मोठ्या बंदराची गरज भासू लागली. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष कस्तुरभाई होते. समितीने १९४८ मध्ये कच्छमधील कांडल्याची शिफारस केली आणि तेथे मोठे बंदर उभे राहिले.

पुढे लंडनच्या नीसडन भागात स्वामिनारायण संप्रदायाचे मंदिर उभारायचे ठरले, तेव्हा बल्गेरियाचा चुनखडक आणि इटलीचा संगमरवर आधी समुद्रमार्गे याच कांडल्याला आणला गेला. भारतात दीड हजारांहून अधिक कारागिरांनी तो कोरला आणि घडवलेले सव्वीस हजारांहून अधिक भाग पुन्हा जहाजाने लंडनला गेले. १९९५ मध्ये ते मंदिर खुले झाले. युरोपातील दगड युरोपातच लागायचा असताना तो कोरण्यासाठी भारतात आणावा लागला, कारण ते हात येथेच होते. त्या मंदिराचे स्थपती चंद्रकांत सोमपुरा. त्यांचे आजोबा प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा हे १९५१ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या सोमनाथ मंदिराचे स्थपती होते, आणि राणकपूरच्या जीर्णोद्धारासाठी विचारविनिमय झालेल्या शिल्पींमध्येही त्यांचे नाव घेतले जाते. २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झालेल्या अयोध्येच्या राममंदिराचा आराखडाही चंद्रकांत सोमपुरा यांचाच.

या साऱ्याचे श्रेय एकट्या कस्तुरभाईंना देणे अतिशयोक्तीचे होईल. सोमनाथचे पुनर्निर्माण, अनेक संघ आणि संप्रदाय यांनी केलेली मंदिरकार्ये, आणि मुख्य म्हणजे शिल्पी कुटुंबांची चिकाटी यांचा त्यात वाटा आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा ही विद्या टिकेल की नाही असा प्रसंग होता, तेव्हा तिला दीर्घकाळ पुरेल असे काम देणाऱ्यांत कस्तुरभाई अग्रभागी होते, हे निर्विवाद.

वारशाची आजची जबाबदारी

२० जानेवारी १९८० रोजी कस्तुरभाईंनी देह ठेवला. पेढीची धुरा त्यापूर्वीच त्यांचे सुपुत्र श्रेणिकभाई यांच्याकडे आली होती. त्यानंतरच्या काळात मंदिर-शिल्पाचा व्यवसाय वाढला. राजस्थानातील सिरोही जिल्ह्यातील पिंडवाडा हे गाव देशोदेशीच्या मंदिरांचे दगड घडवणारे मोठे केंद्र बनले. महाराष्ट्रातील अनेक देरासरांचे घडीव दगडही गुजरात-राजस्थानच्या कार्यशाळांतून आले आहेत. शेकडो घरांत या कामाने चूल पेटते.

मात्र या समृद्धीला एक काळी किनार आहे. विजेवर चालणारी कटाईची व घासाईची यंत्रे आल्यापासून वालुकाश्माची बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. पिंडवाडा परिसरातील कित्येक कारागीर, त्यांत आदिवासी तरुण मोठ्या संख्येने, या रोगाचे बळी ठरले आहेत. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, ते या प्रश्नाचे गांभीर्य ओळखूनच. पाण्याची फवारणी करून दगड कापणे, धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवणे, योग्य प्रतीचा मुखपट्टा देणे आणि नियमित तपासणी करणे हे उपाय माहीत आहेत. खर्चही मंदिराच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडा आहे.

जमिनीवर पाऊल टाकताना सूक्ष्म जीवाची काळजी घ्यावी, पाणी गाळून प्यावे, अशी यतना ज्या धर्माने शिकवली, त्या धर्माचे मंदिर घडवताना घडवणाऱ्याचाच श्वास कोंडावा, हे त्या धर्माला साजेसे नाही. दगडाचा दर ठरवताना धुळीचाही विचार व्हावा, कराराच्या कागदावर कारागिराच्या आरोग्याची अट असावी, ही आजच्या विश्वस्तांवरची जबाबदारी आहे. कस्तुरभाईंनी साचा आणि सिमेंटचा स्वस्त मार्ग नाकारला. त्यांच्या वारसांनी धुळीचा स्वस्त मार्ग नाकारायला हवा.

दुसरी जबाबदारी जुन्या मंदिरांविषयीची. गावोगावच्या लहान देरासरांत कोरीव लाकडी खांब, चुन्यातील नक्षी, भिंतीवरील चित्रे अजूनही आहेत. नव्याच्या हौसेने ती उखडून तेथे चकचकीत फरशा आणि रंग चढवले जातात. निधी कमी पडतो म्हणून असे क्वचितच होते. बहुधा हाताशी पैसा असल्यामुळेच ते घडते. खर्च करण्याआधी जाणकार शिल्पीला बोलवावे, काय राखायचे हे आधी ठरवावे आणि मगच काय बदलायचे ते ठरवावे, हा राणकपूरचा धडा लहानशा मंदिरालाही तितकाच लागू आहे.

संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा जसा मागे वळून पाहण्याचा, तसाच पुढच्या पन्नास वर्षांचा संकल्प करण्याचाही क्षण असतो. विश्वस्त म्हणजे केवळ निधीचा राखणदार नव्हे. ज्या हातांनी तीर्थ घडते आणि ज्या गावाच्या आधाराने तीर्थ उभे असते, त्या दोहोंचाही तो राखणदार होय. शत्रुंजयाच्या सुन्या डोंगराने ही जाणीव दिली, राणकपूरच्या अरण्याने ती पक्की केली आणि आबूच्या शिळेने तिला आकार दिला. श्रेष्ठिवर्य कस्तुरभाईंच्या पुण्यकार्याची अनुमोदना करताना तीच जाणीव प्रत्येक संघात, प्रत्येक विश्वस्तमंडळात जागती राहो, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.